न वाजलेला भोंगा

काळूरामचं प्रेत खाडीच्या बंधाऱ्याला अडकलेलं सापडलं. भरतीचं पाणी धोक्याच्या पातळीच्या वर चढलं की वाजायचा, तो भोंगा रात्रभर गप्प होता.

उपनिरीक्षक संजना भोईरने भोंग्याची पेटी उघडली. आतल्या पडद्यावर प्रोग्राममधल्या शेवटच्या बदलाचा क्रमांक दिसत होता. तिने फोटो काढला आणि पेटीला सील ठोकलं.

प्रोग्राम बनवणारी कंपनी एव्हरशाईन सिटी या वसाहतीत होती. मालक दीपेशचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण बोट दाखवायला तो तयारच बसला होता.

"आमच्या प्रोग्रामर रेवाचं काम, मॅडम. हे बघा."

लॅपटॉपवर शेवटचा बदल होता, 'भोंगा बंद'. त्याखाली रेवाचं नाव.

"ऑनलाइन ठेवलेला कोड दाखवा."

"सकाळीच उडवला कुणीतरी. तीच असणार! आता एवढी एकच प्रत उरलीये."

सगळं पुसायचं आणि आपल्याच नावाचा पुरावा मागे सोडायचा? संजनाला हे काही पटेना.

निर्मळ गावातल्या घरी रेवाने दार उघडलं. पोलीस पाहून तिला रडूच फुटलं.

"मॅडम, माणूस गेलाय. मी असं का करीन?"

"कोड आहे तुझ्याकडे?"

"घरच्या लॅपटॉपवर. इथे नेट सारखं जातं, म्हणून सगळं उतरवून ठेवते. कोडमधला प्रत्येक बदल आम्ही गिटमध्ये नोंदवतो, आणि त्याच्या प्रत्येक प्रतीत अख्खा इतिहास असतो."

"दीपेशला माहीत आहे?"

"नाही. ऑफिसचा लॅपटॉप तेवढा त्यांनी आज सकाळी काढून घेतला."

तिच्या प्रतीतही तोच बदल होता. नाव मात्र दीपेशचं.

संजनाने दोघांना ठाण्यात बसवलं. बाकावर काळूरामची बायको कृष्णाबाई होती.

"दोन प्रती, दोन नावं," संजना म्हणाली. "खोटी कुठली? गिट बदलाचा क्रमांक काढतं, त्यात करणाऱ्याचं नावही धरतं. नाव बदललं की क्रमांक बदलतो. पेटीतला क्रमांक रेवाच्या प्रतीशी जुळतो, तुमच्या नाही. तुम्ही नाव बदललंत, दीपेश, आणि खरं नाव ऑनलाइन दिसेल म्हणून तो कोड उडवलात. पण पेटीला आमचं सील होतं."

दीपेशने मान खाली घातली.

"बंधाऱ्याच्या उद्घाटनाला साहेब येणार होते. भाषणात भोंगा नको, म्हणून बंद केला. परत चालू करायचा राहून गेला. मला वाटलं, एका दिवसात काय होतंय..."

रेवाने डोळे पुसले. कृष्णाबाई इतका वेळ ऐकत होती.

"पानी दिसलं होतं त्याला," ती म्हणाली. "मी हाका मारल्या. तो म्हनला, अजून भोंगा कुठं वाजलाय?"