हा निरोप सगळ्यांना पाठवा

लासूरच्या जीपमध्ये शेजारी बसलेल्या एका अनोळखी माणसापाशी मी पाऊण तास सम्यक साळवेच्या नावानं खडे फोडले.

त्यानं फक्त एवढंच विचारलं होतं, की मॅडम, एवढी जड बॅग घेऊन लासूर स्टेशनला कशाला? बाहेर भुरभुर पाऊस, चौघांच्या जागेत सहा जण, मांडीवर लॅपटॉप आणि डोक्यात तीन दिवसांचा संताप. मी सुरूच झाले. उस्मानपुऱ्यात आमचं माती तपासणीचं मुख्य ऑफिस, जिल्ह्यात नऊ शाखा, आणि सगळ्यांचे कॉम्प्युटर मी एकटी सांभाळते. लासूरच्या शाखेत कुणी साळवे आहे. त्याला मी पाहिलेलं नाही, पण जगात कुठंही व्हायरसची अफवा उठली की हा ती ईमेलनं आम्हा सगळ्यांना पाठवतो. अमुक मेल उघडलात तर कॉम्प्युटर जळेल, तमुक फोटो बघू नका… आणि खाली ठरलेली ओळ – हा निरोप ताबडतोब सगळ्यांना पाठवा.

परवा तर त्यानं कळस केला. एका नावाची फाइल दिसली तर तो व्हायरस समजा आणि उडवून टाका, असा मेल. ती फाइल प्रिंटर चालवणारी, सगळ्यांकडे असतेच! चार शाखांनी उडवली, चार शाखांची छपाई बंद. शेतकरी रिपोर्टसाठी दारात उभे आणि मी गावोगाव हिंडतेय.

"लई तरास दिला म्हणायचा त्यानं," तो माणूस म्हणाला.

"भेटू तर दे. त्याच्या कॉम्प्युटरची वायरच कापते."

तो खिडकीबाहेर बघत राहिला. कान मात्र लाल झाले होते.

लासूरला तोही उतरला. न विचारता माझी बॅग उचलली, मार्केट यार्डाजवळच्या आमच्या शाखेपर्यंत मुकाट चालत आला, आणि खिशातून किल्ली काढून त्यानं कुलूप उघडलं.

"मीच सम्यक साळवे," तो म्हणाला. "कात्री टेबलाच्या खणात हाय."

मला हसू येत होतं, आणि त्याचाच जास्त राग येत होता. फाइल परत टाकेपर्यंत त्यानं चहा आणला. एवढं शिकलेल्या माणसाला एवढंही कळू नये का, असं मी विचारलंच.

तेव्हा त्यानं सांगितलं. आधीच्या नोकरीत असाच एक इशारा आला होता, वीजबिलाच्या नावाचा मेल उघडू नका म्हणून. हसून सोडला. दुसऱ्या दिवशी तेच बिल त्यानं स्वतः उघडलं. व्हायरसनं हंगामाचे सगळे रिपोर्ट कुलूपबंद केले, ते परत मिळालेच नाहीत. पारूबाई नावाची एक म्हातारी आपल्या मातीच्या रिपोर्टसाठी तीनदा पायपीट करून आली. शेवटी तिनं अंदाजानंच खत टाकलं.

"खोटा निरोप पाठवला तर लोक हसतात. हसू द्या," तो म्हणाला. "पण खरा दाबून ठेवला तर… ते मला पुन्हा नाय जमायचं."

माझा राग थोडा उतरला, पण तसं मी दाखवलं नाही. निघताना बजावलं, यापुढं येईल तो इशारा फक्त मला पाठवायचा. खरं-खोटं मी सांगेन.

ही माझी चूकच झाली. दुसऱ्या दिवशी नऊच्या ठोक्याला चार मेल. मी लिहिलं, अफवा. त्याचं उत्तर – नक्की? मी – नक्की. हे रोजचंच झालं. हळूहळू खाली एखादी ओळ जास्तीची यायला लागली. यार्डात कापूस आलाय… जेवलात का… एकदा तर त्यानं लिहिलं, विशाखा मॅडम, आज एकबी इशारा आला नाय, तरी मेल केला तर चालंल का? मी वैतागले. मग लक्षात आलं, सकाळपासून चार वेळा मेल उघडून मीच बघत होते.

दर गुरुवारी तो मातीचे नमुने घेऊन उस्मानपुऱ्यात यायला लागला. पूर्वी ते एसटीच्या पार्सलनं यायचे, हे शेजारच्या टेबलावरच्या रूपालीनं मला मुद्दाम ऐकवलं.

ऑक्टोबरात एक दिवस आमचं नेट सारखं जात होतं, मी पार कावले होते. त्यात त्याचा मेल. 'बदल्यांची यादी' नावाचा मेल उघडू नका, असं काहीतरी. मी न वाचताच लिहिलं – अफवा. सोडा.

दुपारी डबा खाताना तो नीट वाचला. हा फिरता निरोप नव्हता. मुख्य ऑफिसच्या नावानं त्याला खरोखर तसा मेल आला होता, आणि पाठवणाऱ्याच्या पत्त्यात एक अक्षर जास्तीचं आहे, हे त्यानं स्वतः ओळखलं होतं. म्हणजे तो सगळ्याच शाखांना गेला असणार. फोन लावला.

"कुणाकुणाला सांगितलंत?"

"कुणालाच नाय. तुम्ही अफवा म्हणालात ना."

त्याचा तो विश्वास मला चटका लावून गेला. आम्ही शाखा वाटून घेतल्या आणि फोन लावत सुटलो. फक्त गंगापूरचा फोन कुणी उचलेना. सम्यक 'निघालो' एवढंच म्हणाला आणि फोन ठेवला. मग दीड तास त्याचाही फोन नाही. त्या खड्ड्यांच्या रस्त्यावर मोटरसायकल… मी त्याच्यावर इतकी कधीच चिडले नव्हते, आणि इतकी घाबरलेही नव्हते.

शेवटी फोन आला. गंगापूर शाखेतले कारकून फकीर यांनी ती यादी उघडली होती आणि ते जेवायला गेले होते. सम्यकनं पोचताच नेटची वायर उपटली. तिथल्या थोड्या फाइली गेल्या, बाकी सगळ्या शाखांचे रिपोर्ट वाचले.

आमचे साहेब, आप्पासाहेब, स्पीकरवरच त्याला बोलले, की साळवे, तुम्हीच पुन्हा काहीतरी पाठवलं असणार. तो गप्प राहिला. मी म्हणाले, साळवेंनी वेळेवर कळवलं होतं, मीच न वाचता अफवा ठरवली. मला लेखी समज मिळाली. मिळायलाच हवी होती.

संध्याकाळी तो गंगापूरचा कॉम्प्युटर घेऊन उस्मानपुऱ्यात आला. भुवयांपर्यंत धूळ.

"साहेबांसमोर बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"तुमचं नाव कसं सांगणार?"

"नको ते सगळ्यांना सांगता. सांगायचं ते मात्र पोटात ठेवता. दर गुरुवारी इथं का येता, ते तरी सांगितलंत का कधी?"

तो कॉम्प्युटर तसाच हातात धरून उभा होता.

"आईला सांगितलंय," तो म्हणाला. "बहिणीला बी. दोघी रविवारी तुमच्या घरी येऊ म्हणत्यात. तुम्हालाच… तेवढं सांगायचं राहिलं."

मी कपाळावर हात मारला.

"येऊ दे त्यांना," मी म्हणाले. "पण मी काय आईच्या तोंडून ऐकू? ते ओझं आधी खाली ठेव. आणि नीट सांग मला. तू."

त्यानं कॉम्प्युटर टेबलावर ठेवला, रुमालानं तोंड पुसलं आणि सांगितलं – अडखळत, दोनदा थांबून, एकदा पुन्हा पहिल्यापासून. मी एकदाही मध्ये बोलले नाही.