कोरा चीक

उदगीरजवळच्या निर्जंतुक गोठ्यात त्या दिवशी एकविसावं वासरू गेलं. देवणी जातीची ही वासरं तळहाताच्या फोडासारखी जपलेली. गाळलेली हवा, उकळलेलं पाणी, आत जायचं तर माणसाने आधी तीनदा अंघोळ करायची. तरी कुठून तरी विषाणू शिरलाच. आठवड्याच्या आतली वासरं पिवळी हगवण लागून दोन दिवसांत सुकून मरू लागली. तीस वर्षं खपून हा गोठा उभारणाऱ्या डॉ. वैजयंती ढमढेरे यांनी आता हात टेकले होते.

"सलाईन चालू आहे, पहिल्या तासातच आईचा चीक पाजलाय," त्या चिडून म्हणाल्या. "मग मरतात का?"

विषाणूतज्ज्ञ डॉ. तांबोळींनी अहवाल पुढे सरकवला. "चीक कोरा आहे, मॅडम. आईने जो आजार भोगला असेल, त्याच्याशी लढणारी प्रतिपिंडं चिकात उतरतात. आपल्या गायींनी आठ पिढ्यांत काहीच भोगलेलं नाही. आणि विषाणूच नाही तर लस कशाला, म्हणून लसही आपणच बंद केली."

"मग बाहेरच्या गायीचा चीक आणा!"

वासराचं अंग पुसत बसलेले गोठ्यावरचे जुने गडी सोपानकाका मान वर न करता म्हणाले, "बाहेरची गाय ऱ्हायलीय कुठं, बाई? तुमचा गोठा बघून समद्या मुलखानं तसलेच बांधले."

त्या वासराने एकदा पाय ताणले आणि ते गेलं.

"अजून एक," तांबोळी चाचरत म्हणाले. "विषाणूचं कवच बदललंय. आता तो माणसाच्या तान्ह्या बाळाच्या आतड्यालाही चिकटतो. मोठ्यांना त्रास होत नाही, पण ते तो घेऊन फिरतात."

हा रोग फक्त गुरांचा, या खात्रीवर रविवारी वैजयंतीबाई पुण्याच्या, या गोठ्यासारख्याच जपलेल्या निर्जंतुक नगरात नातवाच्या बारशाला गेल्या होत्या. नगराच्या दारात कातडी धुतात, आतडी नव्हे. बाळाला त्यांनी तासभर मांडीवर घेतलं होतं. त्यांची मुलगी केतकी जन्मापासून त्याच नगरात वाढलेली. त्यांनी लगेच तिला फोन लावला.

"अगं, सकाळपासून सहाव्यांदा लंगोट बदलतेय बघ," केतकी हसत म्हणाली. "पण तू नको घाबरूस, आई. बाळ फक्त माझ्याच दुधावर आहे. आणि मला आयुष्यात कधी साधी सर्दीसुद्धा झालेली नाही."