भोकाच्या पानाची पैज

पान नुसतं बघून रोग सांगण्यात औसा तालुक्यात माझा हात धरणारं कुणी न्हाई. अप्पांचं शेतीऔषधांचं दुकान हाय. सोयाबीनवरची अळी मी पाळण्यात असल्यापासून ओळखते.

म्हणून तर लातूरच्या नर्सरीत माझं डोकं सणकलं. नोकरीसाठी घेतलेली माझी खोली एवढुशी, की कुंडी खाली ठेवली तर मी झोपायचं कुठं? खिडकीच्या गजाला टांगायला, खाली लोंबणारा वेल पाहिजे होता. आणि नर्सरीवाल्या निवृत्तीनं काय काढावं... पानापानाला भोकं पडलेला वेल.

"किडका वेल विकायलाव का?" मी म्हणलं.

"जातच तशी हाय, मॅडम. मंकी मास्क. पानं भोकं घेऊनच येतात." हसला, तर गालाला खळी. असल्या लबाडाला देवानं खळी कशापायी द्यावी?

पैज लागली. नवं पान भोकाचं आलं तर मी त्याला चहा पाजायचा. अख्खं आलं तर त्यानं वेल परत घ्यायचा, आणि पुन्हा मला तोंड दाखवायचं न्हाई.

रोज त्याचा मेसेज — पान उघडलं का? रोज मी चिडून न्हाई म्हणायची. एकदा मेसेज उशिरा आला, तर त्याच्यावर जास्तच चिडले.

मग पान उघडलं. अख्खं. एक भोक न्हाई.

मी जिंकले होते, आणि एवढा संताप मला जन्मात आला न्हवता. त्या मेल्या वेलाला काही कळू नये? शेवटी ऑफिसातलं, कागदाला भोकं पाडायचं पंचिंग मशीन घरी आणलं.

दुसऱ्या दिवशी कुंडी स्कुटीवर ठेवून नर्सरीत. निवृत्तीनं ते पान उन्हाकडं धरलं... बराच वेळ धरलं.

"हे फाइलीला लावायचंय का?"

"अळीनं खाल्लं असंल," मी कुंडीकडं बघत म्हणलं.

"इतकं गोल... अन् जोडीजोडीनं?" मग आवाज खाली आला. "कवळं पान कधीकधी अख्खंच निघतं, शिवकांता. पैज लावल्यावर आठवलं मला. तवापासून झोप न्हाई."

"चल चहाला," मी म्हणलं. "हरले म्हणून न्हाई."

"मग?"

"मला प्यायचाय म्हणून... तुझ्यासंगं."

कुंडी परत स्कुटीवर ठेवून हॉटेलात गेलो. एक चहा झाला. दुसरा झाला. बाहेर आलो, तर नो-पार्किंगमधली माझी स्कुटी उचलून नेली होती. वेलासकट.