सातव्या डब्यातली मोलकरीण

थोरली त्या दिवशी साडेपाचलाच कामावरून सुटली आणि तडक धाकट्या बहिणीच्या घरी निघाली. हातात जेवणाचा डबा, खांद्याला रिकामी पिशवी. जेवण भाऊजींना खाऊ घालायचं होतं, आणि पिशवीत त्यांचे चार कपडे कोंबून त्यांना आपल्या घरी आणायचं होतं. धाकटी जाऊन आठ महिने झाले होते. तेवढ्यात तिचा नवरा निम्मा झाला होता. डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं, आजार काही नाही, पण असंच चाललं तर हे हिवाळा काढायचे नाहीत. शेजारणीने आणखी सांगितलं, दिवसभर निजून असतात, संध्याकाळ झाली की पडदे ओढतात, आणि मग आतून गोऱ्या लोकांची बोलणी ऐकू येतात.

थोरली इस्पितळाच्या धुलाईघरात इस्त्रीवर होती. तेवीस वर्षं चादरीच चादरी. तिच्या हाताखालून सुरकुती सुटत नसे आणि तिच्या तोंडून माणूस. आई लवकर गेल्यामुळे धाकटीला तिनेच वाढवलं होतं. मारून, दटावून, पण वाढवलं. धाकटी तिच्या शब्दाबाहेर कधी गेली नाही. एकदा सोडून. गेली तेव्हा न विचारता गेली.

दार भाऊजींनी उघडलं. अंगात निळा स्वेटर, तोही खुंटीला टांगल्यासारखा. तिला पाहून बिचारे हसले.

“बरं झालं आलात आक्का. आता सुरूच करणार होतो.”

थोरलीने सांगून टाकलं की ती बसायला आलेली नाही, न्यायला आली आहे. भाऊजींनी वाद घातला नाही. त्यांनी फक्त सौदा केला. आजची एक संध्याकाळ माझ्याबरोबर बसा, सगळं बघा, आणि नंतरही ‘चला’ म्हणालात तर मुकाट येतो. थोरलीने मनात म्हटलं, दोन तासांत काय आभाळ कोसळतंय. डबा उघडून तिने त्यांच्या मांडीवर ठेवला आणि खुर्ची ओढली. त्यांनी डब्याकडे पाहिलंही नाही.

खोलीत एक भिंत पांढरीफेक रंगवलेली. समोर टेबलावर प्रोजेक्टर, आणि बाजूला पत्र्याचे चपटे गोल डबे एकावर एक रचलेले. तापलेल्या धुळीचा वास होता, आणि त्याच्या खाली आणखी एक आंबूस वास. जुनी फिल्म अशीच आंबते, भाऊजी म्हणाले. लोणच्यासारखी. आपल्याला वाटतं पडून आहे, पण आत तिचं काहीतरी चालू असतं.

ते आयुष्यभर टीव्ही केंद्राच्या फिल्म-कोठारात होते. त्या काळी विलायतेतून कार्यक्रम डब्यांत भरून यायचे. नाटकं, पोलिसांच्या गोष्टी, बागकाम, स्वयंपाक. कराराप्रमाणे ते दोनदा दाखवायचे आणि मग नष्ट करायचे. कुऱ्हाडीने तुकडे, तुकड्यांना काडी, आणि वर दाखला लिहून पाठवायचा की अमुक डबा आता जगात नाही. ते काम भाऊजींकडे होतं. शेकडो डबे त्यांनी जाळले. बारा मात्र जाळवले नाहीत. ते रात्रपाळीच्या पिशवीतून घरी आणले आणि दाखला खोटा लिहिला. दाखल्यावर साक्षीदाराची सही लागायची. ‘माझ्या डोळ्यांदेखत नष्ट झाले,’ असं लिहून खाली सही. ती सही धाकटीने केली. बाराही वेळा.

थोरलीला हे आजच कळलं. तिच्या धाकटीने, जिला शेजारच्या झाडाचा पेरू तोडायचं धाडस नव्हतं तिने, बारा खोट्या सह्या केल्या. तिला राग यायला हवा होता. आला तो अभिमान, आणि त्याचाच मग राग आला.

पहिला डबा लागला. भिंतीवर करडा उजेड थरथरला आणि त्यातून एक लठ्ठ बाई वर आली. ओट्यामागे उभी राहून केक करत होती. भाषा थोरलीला ओ की ठो कळत नव्हती, पण कामं कळत होती. बाईच्या हातून अंडं निसटलं, थेट जमिनीवर. बाईने खाली पाहिलंसुद्धा नाही. दुसरं घेतलं, फोडलं, आणि बोलणं चालूच. भाऊजींनी सांगितलं, तेव्हा तिकडे थेट दाखवायचे आणि त्याच वेळी फिल्मवर उतरवायचे, चुकलं तर चुकलं, पुसायला सवड नसे. थोरलीने मान डोलावली. ह्याला म्हणतात कामाची बाई.

मग एक पोलिसाची गोष्ट झाली. त्यात खुनी दार आपटून गेला आणि अख्खी भिंत हलली. पुठ्ठ्याचीच ती. तर जवळच उभ्या असलेल्या म्हाताऱ्या नटीने बोलता बोलता पाठ टेकून ती भिंत धरली आणि तश्शीच रडली. खरे अश्रू, आणि पाठीवर भिंत. थोरलीला हसू आलं आणि डोळेही भरले. हल्लीच्या चकचकीत मालिकांतल्या, झोपतानाही लाली लावणाऱ्या बायका तिला आठवल्या. ह्या म्हातारीच्या पायाची धूळसुद्धा नाहीत त्या, असं ती मोठ्याने म्हणाली. तिसऱ्यात एक माळी चांगला पाव तास नुसती माती चाळत होता, आणि तरी डोळा हलेना. घाई म्हणून नव्हती त्या माणसांना. जे करायचं ते पुरतं करायचं.

सहा डबे झाले तेव्हा बाहेर दिवे लागले होते. थोरली कशाला आली होती ते विसरली होती. भाऊजींनी सातवा डबा उचलला आणि स्वेटरच्या बाहीने पुसला.  आधीच्या सहांना त्यांनी असं केलं नव्हतं.

“ह्यात ती येते, आक्का.”

कोण, ते थोरलीला कळलं. तिने त्यांना झापलं. म्हणाली, उपाशी पोटी माणसाला काहीही दिसतं, आधी चार घास खा. ते नुसते हसले. म्हणाले, कागदावर हे डबे जगात नाहीत. तीही नाही. मग तिने राहायचं कुठे?

गोष्ट साधी होती. मोठं घर, शेगडीजवळ आरामखुर्चीत एक म्हातारा, हातात पत्र. तो आपल्याशीच बोलत होता. मागे एक दार. थोरलीचं लक्ष म्हाताऱ्यावर होतं. काय चेहरा होता. पत्र न वाचता नुसतं दुमडत होता, आणि पाहणाऱ्याला वाटावं, त्यातलं सगळं ह्याला पाठ आहे. तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि मोलकरीण आत आली. पांढरी टोपी, पांढरा एप्रन, एका हातावर तबक. तोंड खाली. तिने टेबलाशी येऊन तबक टेकवलं आणि बोटांची पाठ किटलीला लावून पाहिली.

थोरली खुर्चीत पुढे सरकली. ऊन वस्तू बोटांच्या पाठीने बघायची, पोटाने नाही. पोट पोळलं तर काम थांबतं. ही खोड तिनेच लावली होती. एका आठ वर्षांच्या पोरीला, इस्त्रीशेजारी उभं करून.

मोलकरणीने तबक पुन्हा एका हातावर घेतलं. कप कलले. आणि थोरलीच्या तोंडून, चाळीस वर्षांच्या सवयीने, आपोआप गेलं...

“दोन्ही हातांनी धर.”

मोलकरीण थांबली. तिने दुसरा हात तबकाखाली आणला.

 भिंतीवरचा म्हातारा खुर्चीतून उठला, तिच्या वाटेत आला, आणि चटकन बाजूला सरून त्याने तिला वाट दिली. बोलणं न थांबवता. मुरलेला नट होता. अनोळखी बाई मधेच आली तरी त्याने ते सावरून घेतलं.

तिने टेबलावर एक कप ठेवला. चहा ओतला. करड्या वाफेची करडी रेघ वर गेली. मग तिने कपाचा कान फिरवून इकडे केला, खोलीकडे, आणि एक रिकामी खुर्ची मागे ओढली. खुर्ची घासल्याचा आवाज भिंतीतून आला की जमिनीतून, सांगता येईना.

भाऊजी उठायला लागले.

थोरलीने त्यांचा हात धरला. धुलाईघरात ओल्या चादरींचा गठ्ठा उन्हात न जाता रात्रभर पडला की जसा लागतो, तसा तो हात लागला. तिने त्यांच्याकडे पाहिलं. स्वेटर निळा राहिला नव्हता. राखाडी झाला होता. त्यांचा चेहराही, ओठही. दारातून रस्त्याच्या दिव्याची पिवळी तिरीप येत होती, ती थोरलीच्या पायावर पिवळी पडली होती आणि त्यांच्या पायावर राखाडी.

“ते नाही यायचे,” थोरली भिंतीला म्हणाली. “उचल तो कप.”

मोलकरीण हलली नाही.

“ऐकतेस ना... उचल म्हणते.”

तोंड खालीच. हात एप्रनवर जुळवलेले. जन्मात पहिल्यांदा धाकटी थोरलीसमोर अडून उभी होती. भाऊजींचा हात थोरलीच्या पकडीतून थोडा थोडा निसटत होता, ओल्या साबणासारखा. दटावणी संपली होती. थोरलीकडे दुसरं काय होतं? आयुष्यभर तिने धाकटीला चुका सांगितल्या. भांड्यावरचा डाग, शिवणीतला झोळ, भातातला खडा. नीट झालेलं काम तिला दिसत नसे असं नाही. पण नीट झालं त्यात सांगायचं काय, असं तिला वाटे.

ती हळू बोलली. इतकी हळू की प्रोजेक्टरच्या टकटकीत ते बुडालं असतं.

“चांगलं केलंस, पोरी... किटली पाहिलीस, कप ठेवलास, एक थेंब सांडला नाहीस. ती मोठमोठी नटमंडळी बघितली मी आज. तुझ्यासारखं काम एकीचं नाही... आणि त्या बारा सह्यासुद्धा. ते मला नसतं जमलं... आता कप उचल. माझ्यासाठी उचल.”

मोलकरणीने पहिल्यांदा मान वर केली.

मग तिने कप उचलला. तबकात ठेवला, दोन्ही हातांनी धरला आणि दारातून आत गेली. थोरलीने सुस्कारा सोडला नव्हता तोवर ती परत आली. हातात दुसरा कप. तिने त्यात साखर घातली. एक, दोन, तीन. भाऊजी बिनसाखरेचा घ्यायचे. तिघांत तीन चमचे घेणारं एकच माणूस होतं, थोरली. तिने कप त्याच जागी ठेवला, कान फिरवला, आणि सरळ थोरलीकडे बघत उभी राहिली.

फिल्मचं शेपूट फटफटलं. भिंत पांढरी झाली.

भाऊजींनी दिवा लावला. स्वेटर निळा होता. ते डोळे चोळत होते, झोपेतून उठल्यासारखे.

“आज नाही आली, आक्का,” ते म्हणाले. मग मांडीवरच्या डब्याकडे पाहून, जरा लाजून, “गार झालं असेल ना हे?” आणि खायला लागले. सगळं खाल्लं. थोरली बघत बसली. मग तिने पिशवी भरली, दाराला कुलूप घातलं, आणि त्यांना घरी आणलं.

हिवाळा त्यांनी काढला. अंगावर मूठभर मांस चढलं, थोरलीच्या बोलण्याला उलट उत्तरंही द्यायला लागले. एक दिवस आपण होऊन म्हणाले, ते डबे माझ्याकडे ठेवून काय करायचे, जगात दुसरी प्रत नाही, चार लोकांनी बघावेत. फिल्म जपून ठेवणाऱ्या संस्थेची माणसं येऊन बाराही डबे घेऊन गेली. जाताना वाकून वाकून आभार मानले.

पंधरा दिवसांनी तिथल्या तपासनीस बाईंचा फोन आला. भाऊजी फिरायला गेले होते, थोरलीने घेतला. बाई खूप खूश होत्या. म्हणाल्या, सोनं आहे सोनं, केवढं जपलंय तुम्ही. मग जरा घुटमळल्या. सातव्या डब्याबद्दल एक विचारायचं होतं. त्या नाटकातल्या पात्रांची आणि प्रसंगांची जुनी यादी त्यांच्याकडे होती, तीत मोलकरीण नाही. इथे आहे, आणि काय गुणी आहे हो. नाव मिळालं तर यादीत लावायचं होतं. आणि दुसरं म्हणजे शेवटी ती कप ठेवून नुसती उभी राहते, समोर बघत. यादीप्रमाणे तो प्रसंग चार मिनिटांचा. फिल्म मोजली, तीही चार मिनिटांचीच भरते. पण लावली की अकरा मिनिटं चालते.

थोरलीने हातातली इस्त्री उभी केली. तिने धाकटीचं नाव सांगितलं, सावकाश, अक्षर अन् अक्षर. नीट लिहा म्हणाली. ठळक लिहा.

“लिहिते,” बाई म्हणाल्या. “पण ताई... ती कुणाची वाट बघतेय असं वाटतं हो. तुम्हाला काही माहीत आहे का?”

“बघू दे. मला अजून ढीगभर कामं आहेत.”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

“अकरा मिनिटं काल होती,” बाई हलक्या आवाजात म्हणाल्या. “आज सकाळी बारा भरली.”