न मारलेली लाल रेघ

मानमोडीच्या तापानं मावळातली माणसं पटापट मरत होती, तेव्हा त्यांना मोजायला सरकारचं कुणी फिरकलं नव्हतं. औषधाची बाटलीही कुणी पाठवली नाही. तीन वर्षांनी, १९२१च्या आरंभी, सरकारला आठवण झाली की आपली रयत उरलीय तरी किती. हुकूम सुटला आणि तळेगावच्या शाळेतल्या चिंतामणी मास्तरांच्या गळ्यात शेजारच्या वराळे गावाची शिरगणती पडली. पगार नाही, भत्ता नाही. नाही म्हणाल तर दंड.

रीत अशी होती. फेब्रुवारीत एक फेरी मारून घरोघरची माणसं काळ्या शाईनं लिहायची. मग ठरलेल्या रात्री पुन्हा त्याच दारांत उभं राहायचं. त्या रात्री जो घरात, त्याचं नाव राहिलं. जो नाही, त्याच्या नावावर लाल रेघ.

अठरा मार्चला दिवेलागणीला मास्तर निघाले. पुढे कंदील घेऊन गावचा म्हातारा जागल्या, कोंडाजी. चांदणं पडलं होतं. शेणी जळल्याचा धूर खाली बसला होता.

"मला लिवलं का, मास्तर?"

"लिहिलं."

"वय काय घातलंत?"

"साठ."

"पन्नास करा की. सरकारच्या बापाचं काय जातंय?"

मास्तर हसले. दोघं पुढे निघाले. दर तिसऱ्या दाराची कडी धुळीनं भरली होती. मागच्या गणतीला जे गाव मोजता मोजता मध्यरात्र झाली होती, ते या खेपेला तासाभरात संपत आलं.

शेवटचं घर रोशनबीचं. तिचा नवरा नूरमहंमद पिंजारी मानमोडीच्या साली कामासाठी मुंबईला गेला, तो परतला नाही. पत्र नाही, निरोप नाही. धाकटा दीर फकरुद्दीन म्हणायचा, मेला. घर खाली कर. ती म्हणायची, येईल. फेब्रुवारीत तिनं मास्तरांना सांगितलं होतं, कामाला गेलाय, येतोच आहे. शेजारणीनं नाव सांगितलं आणि मास्तरांनी काळ्या शाईनं लिहून घेतलं. आता रेघ पडली की सरकारनंच त्याला मेलेला ठरवला, असं अख्खं गाव धरून चालणार होतं. उद्या सकाळी रोशनबीचं अंथरूण रस्त्यावर.

फकरुद्दीन अंगणात दगडावर बसूनच होता.

"या, मास्तर. लाल शाई हाय न्हवं दौतीत?"

मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. "रोशनबी, नवरा आज घरात आहे?"

ती उंबऱ्यात उभी होती. "व्हय. आत निजलाय."

"तीन वर्सं निजलाय व्हय?" फकरुद्दीन हसला. "हाक मारा की मग, भाबी. आमी बी भेटतो भावाला."

तिनं मान खाली घातली. नवऱ्याचं नाव बायकोनं घ्यायचं नसतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

ती खोटं बोलतेय हे मास्तरांना कळत होतं. तरी रेघ मारण्याआधी एकदा पुकारा करणं नियमात होतं. टाक लाल शाईत बुडवून त्यांनी हाक दिली,

"नूरमहंमद बाबालाल पिंजारी!"

तीन वर्षांत त्या घरात हे नाव कुणी हाक मारून घेतलं नव्हतं. बायकोला घेता येत नव्हतं आणि भावाला घ्यायचं नव्हतं.

गोणपाटाच्या पडद्यामागं अंधार होता. मास्तरांनी टाक कागदाला लावला, तोच आत कापूस पिंजायच्या कमानीची तात एकदाच वाजली.

टंव...

"जी..." आवाज कोरडा होता, तोंडात कापूस धरून कुणी बोलावं तसा.

मास्तरांचा हात थांबला. सवयीनं त्यांनी पुढचं विचारलं. "वय?"

"अडतीस..."

वहीत एक्केचाळीस होतं. अडतिसाचा तो मुंबईला गेला तेव्हा होता.

"आज... मुक्काम?"

"हितंच..."

फकरुद्दीन उठला आणि पायताण तिथंच टाकून चालू लागला. मास्तरांनी टाक पुसला, काळं नाव तसंच ठेवलं आणि वही मिटली. नवरा परतला असेल, दुसरं काय, असं त्यांनी स्वतःला समजावलं. जाताना लक्षात आलं, घर वाचलं तरी रोशनबीनं त्यांच्याकडे एकदाही पाहिलं नाही. ती पडद्याकडे पाहत होती.

बारा दिवसांनी, भर दुपारी, ती तळेगावच्या शाळेत आली. बरीच वाळली होती.

"मास्तर, रेघ मारा."

"का? फकरुद्दीननं त्रास दिला?"

"त्यो अंगणात बी येत न्हाई आता." ती भिंतीशी खाली टेकली. "त्या रातीला आत कुणी नव्हतं, मास्तर. मी खोटं बोलले. तुमी हाक मारलीत... तवापास्नं हाय."

मास्तर म्हणाले, "वह्या पुण्याला गेल्या, रोशनबी. आता हात लावता येत नाही. पुढची गणती दहा वर्षांनी."

"धा वर्सं?"

"हो."

"मग एकदा येऊन तुमीच सांगा त्याला, जा म्हणून. नाव घेऊन. मला घेता येत न्हाई."

मास्तर टेबलावरची हजेरीची वही सरळ करत राहिले. ती उठली. दारात वळून तिनं अगदी हळू विचारलं,

"रोज रातीला कमान वाजती, मास्तर. पार उजाडंपातूर. घरात तर मूठभर कापूस न्हाई... मग त्यो पिंजतो काय?"