ऐकणारा कोणी नसतो

प्राध्यापकबाईंचा विषय होता कथेतला आवाज. सांगणारा कुठे थांबतो आणि पात्राचं मन कुठे बोलू लागतं, हे त्या एकेका वाक्यावर बोट ठेवून दाखवत. दुसऱ्यांची मनं त्यांनी आयुष्यभर सोलली; स्वतःच्या मनाकडे मात्र काणाडोळा केला.

त्या दिवशी त्यांचं व्याख्यान रेकॉर्ड व्हायचं होतं. ‘गंमत बघायला चला’ म्हणून त्यांनी वडिलांनाही स्टुडिओत आणलं. म्हातारबुवा खूश, चक्क कोट घालून आले. चार वर्षांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं तेव्हापासून त्यांचा आवाज कायमचा गेला होता. मान हलवून हो-नाही तेवढं सांगत. इथून परस्पर त्यांना वृद्धाश्रमात सोडायचं ठरलं होतं. बॅग गाडीच्या डिकीत होती. त्यांना याचा पत्ता नव्हता आणि सांगणं बाईंच्या जिवावर आलं होतं. सकाळपासून त्यांना वडिलांच्या नजरेला नजर देववत नव्हती.

काचेपलीकडे साउंडवाला बसला. शेजारच्या खुर्चीत वडील. त्याने कौतुकाने त्यांच्याही कानांवर हेडफोन चढवले.

बाईंनी उतारा वाचला. "तिने खिडकी लावली. किती उकडतंय! ती परत येऊन बसली." मग त्या समजावू लागल्या. "मधलं वाक्य सांगणाऱ्याचं नाही, तिच्या मनातलं आहे. अशा बोलण्याला ऐकणारा कोणी नसतो. म्हणून तर ते खरं असतं."

साउंडवाल्याने हात वर केला. "मॅडम, शेवटी काय म्हणालात? उताऱ्यातलंच आहे ना?"

"शेवटी? काहीच नाही."

त्याने ऐकवलं. आवाज बाईंचाच होता, पण माइकला ओठ टेकवून बोलल्यासारखा. ‘आज रात्री पाय पसरून झोपेन. सुटले एकदाची.’

बाईंच्या अंगावर काटा आला. भीतीपेक्षा लाजच जास्त वाटली, मेल्याहून मेल्यासारखं झालं. काचेपलीकडे वडील शांत बसले होते.

"तोंडातून गेलं असेल. पुन्हा घेऊ या."

या वेळी वाचून झाल्यावर त्यांनी तोंडावर हात घट्ट दाबून धरला. साउंडवाला बघतच होता. त्याने पुन्हा ऐकवलं.

‘चष्मा बॅगेत टाकायचा राहिला. राहू दे. तिथे कुठे वाचायचंय त्यांना?’

"मॅडम," तो चाचरला, "तुमचं तोंड तर बंद होतं."

"पुसून टाका ते. आत्ताच्या आत्ता."

"पुसतो. पण पुढे अजून काहीतरी आहे."

थोडी खरखर झाली. मग एक पुरुषी आवाज आला, तितकाच जवळून.

‘चष्मा माझ्या खिशात आहे, चिमणे.’

या नावाने त्यांना एकच माणूस हाक मारायचा.

बाईंनी काचेकडे पाहिलं. हेडफोन टेबलावर नीट ठेवलेले होते. वडील दाराशी उभे राहून कोटाची बटणं लावत होते.