शिवेखालचा कोळसा

सोनकडा किल्ल्याच्या माथ्यावर तांबडं फुटत होतं आणि पायथ्याच्या करंजवणे गावची मळई, म्हणजे नदीकाठची काळीभोर जमीन, अजून धुक्यात बुडालेली होती, तेव्हाच गडाचे चार हशम, म्हणजे पायदळातले शिपाई, खाली उतरले आणि चावडीपुढे उभं राहून त्यांनी सुभेदारांचा हुकूम वाचला: मळई मुळात गडाच्या कुरणात मोडते, सबब ती पागेच्या घोड्यांसाठी सरकारात जमा व्हावी; बदल्यात गावाला माळ मिळेल.

तेरा घरं त्या मळईवर जगत होती. कोणी म्हणालं, बदल्यात माळ मिळतो आहे तो मुकाट्याने घ्यावा. तरण्यांनी कुऱ्हाडी काढल्या. नवऱ्यामागे गावची पाटीलकी चालवणाऱ्या चिमाऊने दोघांनाही खाली बसवलं. कुऱ्हाड उचलली तर आपण बंडखोर ठरू आणि गप्प राहिलो तर कबुली दिल्यासारखं होईल, हे तिने शांतपणे समजावलं. मग गडावर निरोप धाडला: वाद शिवेचा आहे, तेव्हा रीतीप्रमाणे पाच गावांचं गोत, म्हणजे वतनदारांची न्यायसभा, बसवावं, वेस राखणाऱ्या गावच्या वेसकराने डोक्यावर माती घेऊन शीव चालावी आणि तो चालेल ती शीव दोन्ही पक्षांनी मानावी.

सुभेदार कृष्णाजी नरहर यांनी तत्काळ होकार कळवला. इतका सहज आलेला होकारच चिमाऊला खटकला.

गोत बसायच्या आदल्या दुपारी वेसकर येलनाक तिच्या अंगणात येऊन उभा राहिला. गावची शीव त्याच्या घराण्याला पिढ्यान् पिढ्या पाठ होती.

"बाई, माझ्या भावाला, रामनाकाला, काल कामाला म्हणून गडावर नेलं. आज निरोप आलाय. शिवेचे दगड आता दिसतात तिथूनच मी चालायचं, नाहीतर त्याला कड्यावरून लोटतील."

"आता दिसतात म्हणजे?"

"हलवलेत. दोनशे पावलं आपल्या अंगाला. अख्खी मळई गडाकडे गेली."

मळईवर तिच्या लेकरांचाही घास होता, पण 'भाऊ की गाव' हे त्या म्हाताऱ्याला विचारायला तिची जीभ रेटेना. शेवटी येलनाकच खाली बसला.

"दगड हलवता येतो, बाई. आमच्या आज्याने प्रत्येक दगडाखाली हातभर खोल कोळसा पुरलाय. तो कुजत नाही." त्याने काडीने धुळीत पाच जागा काढल्या: वाकडी बाभूळ, मग खडकाचं नाक, असं करत नदीपर्यंत. तिने त्या डोळ्यांत साठवल्या आणि पायाने पुसून टाकल्या.

दुसऱ्या दिवशी पाच गावांचे वतनदार मळईवर जमले. सुभेदार छत्राखाली बसले होते. मागे सहा बंदूकवाले तोडे, म्हणजे बार उडवायच्या वाती, पेटवून उभे होते. येलनाकाच्या नावाचा पुकारा झाला तशी चिमाऊ पदर सावरून उठली.

"येलनाकाचा भाऊ परवापासून गडावर आहे. गेला तेव्हा तो धडधाकट होता, हे पाचही गावांनी ध्यानात ठेवावं. घरचं माणूस प्रतिपक्षाच्या हातात असताना त्याने माती उचलणं रीतीला धरून नाही. माती मी उचलते."

सभेत कुजबुज झाली. सुभेदार हसले. "पाटलीणबाई, डोक्यावर घागर घेणं निराळं. आपण शीव कधी पाहिली तरी आहे काय?"

"नाही पाहिली, पंत. म्हणून दगडांच्या भरवशावर चालणार नाही."

तिने मातीचं ढेकूळ डोक्यावर घेतलं. पहिला दगड मागे टाकून ती सरळ बंदुकांच्या दिशेने चालत गेली. तोड्यांचा वास नाकाशी आला, पण ती थांबली ती वाकड्या बाभळीशी. "इथं खणा."

हातभर खाली कोळसा निघाला.

"कोळसा कुठेही सापडतो," सुभेदार म्हणाले. त्यांच्या आवाजातलं हसू गेलं होतं.

"मग तुमच्या दगडाखालीही असेल," शेजारच्या गावचे वृद्ध पाटील म्हणाले आणि स्वतःच उठले. दगड उलथला. खाली कोळसा नव्हता. होतं चिरडलेलं गवत, अजून हिरवं.

उरलेल्या चार जागी खणायला सांगण्याची गरज गोताला वाटली नाही. महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, लिहिला गेला. त्यावर पाच गावांच्या निशाण्या झाल्या, शेवटी चिमाऊची, बाईमाणसाची म्हणून बांगडीची. सुभेदार घोड्यावर बसून गडाकडे वळले.

रामनाक तिसऱ्या दिवशी परतला. पाच गावांनी त्याला ध्यानात ठेवलं होतं, म्हणूनच परतला. काय झालं ते त्याने भावालाही सांगितलं नाही, आणि पुढे गडाकडे तोंड करून तो कधी जेवायलाही बसला नाही.

त्याच आठवड्यात चिमाऊने येलनाकाच्या परवानगीने तेरा घरांतल्या लेकी-सुना आणि पोरंटोरं शिवेवर नेली आणि कोळशाची जागा न् जागा प्रत्येकाला पावलांनी मोजायला लावली. एका सुनेने विचारलं, "आत्याबाई, वेसकरांना ठाऊक आहे की. आम्ही कशाला शिकायचं?"

"एकट्यालाच ठाऊक असलं की एकट्यालाच धरून नेतात," चिमाऊ म्हणाली. "चल, बाभळीपासून पुन्हा मोज."

वर तटावर सुभेदारांचं छत्र उघडं होतं. खालची सगळी जणं परत फिरेपर्यंत ते छत्र तिथून हललं नाही.